पुठ्ठ्यामागची चाळीस सेकंदं

हॉलमध्ये खुर्च्या बहात्तर होत्या. त्यांतल्या एकोणसत्तर भरल्या: मोठी माणसं अठ्ठेचाळीस, मुलं एकवीस. मागच्या टेबलावर बटाटेवडे दोनशे दहा, लाडू चार प्रकारचे, चहाची पिंपं दोन. माझ्याजवळ सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर एक, जादा बल्ब एक, पत्र्याच्या तीन चपट्या डब्यांत फिल्मची तीन रिळं. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या प्रल्हादकाकांच्या हातात पुठ्ठा एक.

ही १९८५ची दिवाळी, म्हणजे दिवाळीनंतरचा शनिवार. आमच्या मंडळाचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता. दर वर्षी तिथे हिंदी किंवा मराठी सिनेमा दाखवत. या वर्षी इटालियन होता, आणि त्याला कारण मालिनीकाकू.

मालिनीकाकू आणि दिगंबरकाका हे मंडळातलं सगळ्यांत जुनं जोडपं. काका १९५८ साली शिकायला अमेरिकेत आले, पुढे इथेच इंजिनिअर झाले. काकू वर्षभरानं त्यांच्यामागे निघाल्या. मुंबईहून बोटीनं जिनोआ, तिथे एक दिवस थांबून दुसऱ्या बोटीनं न्यूयॉर्क. ती दुसरी बोट काकूंना मिळाली नाही. त्यांनी तार केली: बोट चुकली, सुखरूप. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून कारण लिहिलं नाही. त्या नऊ दिवस उशिरा पोचल्या आणि धक्क्यावरच त्यांनी कारण सांगितलं. जिनोआला बंदरावर टोपी घातलेला एक माणूस आला होता. एका मोठ्या बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, मेजवानीच्या प्रसंगात साडी नेसलेली एक बाई हवी होती. चारपर्यंत परत आणून सोडतो म्हणाला, सोडलं आठला. बोट सहाला गेली होती.

काकांनी यावर तेव्हाही विश्वास ठेवला नाही आणि नंतरही नाही. त्यांच्याजवळ पुरावा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात काकू रेल्वेत गाढ झोपल्या होत्या आणि दोघं मनमाडला उतरायच्या ऐवजी पुढच्या स्टेशनात उतरली होती. तेव्हा जिनोआला काय झालं असेल हे उघड होतं. सव्वीस वर्षं हा किस्सा ते प्रत्येक पार्टीत सांगत आले होते, आणि त्याचा शेवट ठरलेला असे: "झोपली स्वतः, आणि नाव सिनेमाचं."

लोक हसत. काकूही हसत. पण माझी इथली पहिली दिवाळी होती त्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसले होते. हसताना त्यांनी हातातला कागदी पेला चेपून अगदी छोटा केला होता.

मी विद्यापीठात फिजिक्सची पीएच.डी. करत होते आणि आठवड्याला दहा तास तिथल्या दृक्‌श्राव्य विभागात प्रोजेक्टर सांभाळायचं काम करत होते. हे कळल्यावर काकू एकदा डब्यातून पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, तो सिनेमा शोधता येईल का. नाव माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच: जिनोआ, ऑगस्ट १९५९, समुद्राकडे तोंड केलेला बंगला, आणि एक म्हातारी उमरावीण, जिला सगळे हात लावून नमस्कार केल्यासारखं वाकून भेटत होते. त्यात आपण किती वेळ दिसतो असं मी विचारलं. दोन मिनिटं तरी, असं त्या म्हणाल्या.

विभागाकडे फिल्म भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग होते. त्यांत इटालियन चित्रपट दोनशे बारा. १९५९च्या शेवटापासून १९६१पर्यंत प्रदर्शित झालेले एकोणीस. जिनोआत चित्रित झालेले दोन. त्यातला एक खाणकामगारांवर होता. दुसऱ्याची माहिती अशी होती: एक वृद्ध उमरावीण घरातले सगळे आरसे काढून टाकते आणि एक उन्हाळाभर मेजवान्या देत राहते, आलेल्या पाहुण्यांत एक तरी खरोखर सुंदर चेहरा सापडावा एवढीच तिची इच्छा असते. खाली आणखी एक ओळ होती: स्नानगृहातला प्रसंग विशेष गाजला.

काकूंना मी आधी एकट्यांना दाखवते म्हणाले. त्यांना ते नको होतं. "एकटीनं बघितलं तर पुन्हा मी सांगितलेलंच राहील गं, दीपा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर बघायचंय. ह्यांच्यासकट."

मंडळाचे अध्यक्ष प्रल्हादकाका. त्यांनी ती खालची ओळ वाचली आणि पुठ्ठ्याचा विषय काढला.

पुठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. मंडळाच्या सिनेमांना लहान मुलं असत, म्हणून १९७९पासून प्रल्हादकाका प्रोजेक्टरशेजारी उभे राहून, नको तो प्रसंग आला की भिंगासमोर पुठ्ठा धरत. लिहायच्या पॅडच्या मागचा पुठ्ठा, एका बाजूनं काळा रंगवलेला. आवाज चालू राही, पडदा काळा होई. धरताना ते स्वतः मान दुसरीकडे वळवत. प्रसंग संपला हे ते आवाजावरून ठरवत. पाण्याचा आवाज थांबला, संगीत बदललं, दार वाजलं, की पुठ्ठा खाली. या कामात त्यांची कधी चूक झाली नाही असं सगळे म्हणत. झाली असती तरी कळायचा मार्ग नव्हता.

फिल्मचे डबे शुक्रवारी आले. त्या दुपारी प्रल्हादकाका आणि मी विभागाच्या खोलीत तो सिनेमा पाहिला. मेजवानीचा प्रसंग दुसऱ्या रिळाच्या शेवटी होता, चौदा मिनिटांचा. मी कागदावर रेघा ओढत बसले. पाहुणे एकशे चाळीसच्या आसपास. मोत्यांच्या माळा मोजणं सोडून दिलं. डोक्याला फेटा बांधलेले दोन, एक जपानी पोशाख. साड्या शून्य. चौदा मिनिटं होताच वाद्यवृंद थांबला, पावलं वाजली, प्रल्हादकाकांनी तालमीसाठी पुठ्ठा धरला, पाणी वाहिलं, थांबलं, पुठ्ठा खाली आला. उमरावीण झोपायला निघाली होती. रीळ संपलं.

शनिवारी सकाळी लाडू वळायला मी काकूंकडे गेले तेव्हा त्यांना सांगून टाकलं, की साडी नेसलेलं कोणी मला दिसलं नाही. कापला असेल तो भाग, असंही म्हणाले. सिनेमात असं नेहमी होतं. काकूंनी हातातला लाडू पूर्ण वळला, ताटात ठेवला, दुसरा घेतला.

"नीट बघितलंस?"

"मोजलं काकू."

कार्यक्रम रद्द करूया का, असं मी विचारलं. दोनशे दहा वड्यांचे बटाटे उकडून झालेत, आता काही रद्द होणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू ह्यांना काही सांगू नकोस. त्यांना त्यांचं कळू दे."

तर दुपारी तीनला सिनेमा सुरू व्हायचा होता तो चार वाजायला दहा मिनिटं असताना सुरू झाला. पहिलं रीळ लोकांनी चांगलं पाहिलं. ती उमरावीण नोकरांना आरसे उतरवायला लावते तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, आमच्याकडे पण बाथरूमचा एक काढून ठेवायला हवा. डॉक्टर मंडळींत ती कोणत्या दुखण्यानं लंगडते यावर हलक्या आवाजात चर्चा झाली. मुलं कंटाळून खुर्च्यांखालून हिंडत होती. मालिनीकाकू पहिल्या रांगेत कडेला बसल्या होत्या, हिरव्या काठाची साडी नेसून. दिगंबरकाका तिसऱ्या रांगेत मित्रांबरोबर.

दुसऱ्या रिळात मेजवानी सुरू झाली तशी कुजबुज थांबली. सगळ्यांना माहीत होतं आपण कशाची वाट पाहतोय. एकशे चाळीस पाहुणे आले, वाकले, नाचले. काकू खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. चौदा मिनिटं गेली. वाद्यवृंद थांबला. पावलं वाजली. प्रल्हादकाकांनी मान वळवली आणि पुठ्ठा धरला. मुलं सवयीनं "ऊऊऊ" म्हणाली. माझ्या हातात घड्याळ होतं आणि सवय म्हणून मी बघितलं: चाळीस सेकंदं. पुठ्ठा खाली आला, उमरावीण झोपायला गेली, रीळ संपलं, मी दिवे लावले.

मध्यंतराला दिगंबरकाकांनी वडा उचलून वर धरला आणि एकच शब्द म्हणाले.

"मनमाड."

तिसरी रांग हसली, मग चौथी. काकांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांना ती एक जुनी, घरातली, दोघांची गंमत वाटत होती. काकू वडे वाढत होत्या. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, टेबलाच्या कडेला समांतर होईल असं सरळ केलं, आणि माझ्याजवळ आल्या.

"तिसरं रीळ नको लावूस," त्या म्हणाल्या. "पॅक करून टाक. मुलं कंटाळलीत, त्यांना काहीतरी खेळायला देऊ."

मी दुसरं रीळ काढायला हात लावला आणि थांबले. शुक्रवारी मी चौदा मिनिटं मोजली होती. त्यानंतर चाळीस सेकंदं पुठ्ठा होता. त्यानंतर शयनगृह. माझ्या कागदावर साड्या शून्य असं लिहिलं होतं, आणि त्या शून्यात ही चाळीस सेकंदंही मी धरली होती. जे पाहिलंच नाही तिथे काही नाही असं मी लिहून दिलं होतं. नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या वहीत हे कोणी चालवून घेतलं नसतं.

मी प्रल्हादकाकांकडे गेले. ते चहा घेत होते. पुठ्ठा काखेत होता.

"काका, त्या चाळीस सेकंदांत काय आहे?"

"स्नान," ते म्हणाले. "विशेष गाजलेलं."

"तुम्ही पाहिलंय?"

"छे. बघायचं असतं तर पुठ्ठा कशाला धरला असता?"

"मीही नाही पाहिलं. म्हणजे तिथे काय आहे हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही."

ते म्हणाले की प्रश्न एकवीस मुलांचा आहे, उद्या आई-वडील विचारतील, इटलीचा काही भरवसा नाही. प्रल्हादकाका चँडलरमधल्याच एका चिपच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर, सूक्ष्मदर्शकाखाली बघून पास किंवा नापास करणं हे त्यांचं काम.

"काका, तुम्ही एखादी वेफर झाकून ठेवून रिजेक्ट करता का?"

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी मुलांना अंगणात पाठवायची व्यवस्था केली. वसुधा नावाच्या त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीच्या ताब्यात लाडूंचा एक डबा आणि सगळी पोरं देऊन दार लावलं. एवढं सगळं करूनही पुठ्ठा मात्र त्यांनी हातातच ठेवला.

बल्ब बंद ठेवून मी फिल्म चार मिनिटं उलटी फिरवली. लोकांना वाटलं तिसरं रीळ लागतंय. काकूंना मी एवढंच सांगितलं की बसा, माझी एक चूक राहिली आहे. दिवे गेले.

पुन्हा मेजवानीचा शेवट आला. पुन्हा वाद्यवृंद थांबला, पावलं वाजली. प्रल्हादकाकांचा हात आपोआप वर गेला आणि अर्ध्यावर थांबला.

उमरावीण दिवाणखान्यातून एकटीच चालत जात होती. पाहुणे पांगले होते. तिची लंगडी पावलं एका खिडकीपाशी थांबली. खिडकीत, सगळ्यांकडे पाठ करून, साडी नेसलेली एक तरुण बाई उभी होती. तिनं मान वळवली. तोंडात घास होता. हातात अर्धं खाल्लेलं अंजीर होतं आणि त्याचा रस मनगटावरून खाली येत होता. कोणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. तिनं रस चाटायचा प्रयत्न केला, तो पदरावर पडला, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.



पुढचा प्रसंग स्नानगृहाचाच होता. उमरावीण सगळ्या कपड्यांनिशी एका भांड्यापुढे बसून तोंडावरची पावडर धूत होती. पावडरीखालचा चेहरा सुरकुत्यांचा, डागांचा, साधा होता, आणि आरसा नसल्यामुळे तो फक्त आम्हालाच दिसत होता. ती दासीशी बोलत होती. खाली इंग्रजी अक्षरं उमटली: आज मला एक सापडली. अंजीर खात होती. मी तिला नाव विचारलं नाही, विचारलं असतं तर ती नीट उभी राहिली असती.

दार किलकिलं झालं आणि वसुधाचं डोकं आत आलं.

"बाबा, शी इज ओन्ली वॉशिंग हर फेस," ती म्हणाली.

मग मात्र सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं प्रल्हादकाका. मी प्रोजेक्टर थांबवला. दिवे लागले तेव्हा माना पडद्याकडे नव्हत्या, पहिल्या रांगेच्या कडेला होत्या. काकू गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या, पडद्यावरची एकोणतीसची.

दिगंबरकाका तिसऱ्या रांगेतून उठले. त्यांच्या हातात अजून वड्याची प्लेट होती. मध्ये तीन-चार जणांच्या पायांवरून ते कसेबसे पुढे आले आणि काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी तोपर्यंत पुढे येऊन चार फुटांवर उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"धक्क्यावर उतरलीस तेव्हा पदरावर डाग होता," ते म्हणाले.

"हो."

"मी विचारलं होतं कशाचा."

"मी सांगितलं होतं अंजिराचा."

काका प्लेटकडे बघत राहिले. "इतकी वर्षं मला वाटलं की बोटीवरच्या जेवणाचा," ते म्हणाले. मग उठून त्यांनी घसा साफ केला आणि हॉलला उद्देशून सांगितलं की मनमाडचं मात्र खरं आहे. त्याबद्दल ते माघार घेणार नाहीत. काकूंनी त्यांच्या प्लेटमधला अर्धा वडा उचलून खाल्ला.

तिसरं रीळ लावलं. मुलांनाही आत घेतलं. पुठ्ठा प्रल्हादकाकांनी प्रोजेक्टरखाली सरकवला, कारण टेबल एका बाजूला किंचित कलत होतं.

फिल्म सोमवारी टपालात टाकायची होती. रविवारी दुपारी काका आणि काकू दोघंही विभागाच्या खोलीवर आले. काकूंनी त्या वेळची साडी आणली होती. पुण्याहून येताना तीनच साड्या होत्या, त्यातली ही एक, त्यांनी टाकली नव्हती. पदरावर तपकिरी डाग होता, रुपयाच्या नाण्याएवढा. काकांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला आणि घडी स्वतः घातली. त्यांना घडी नीट घालता येत नव्हती. काकूंनी ती पुन्हा घातली.

मग काकांनी विचारलं की ही नेमकी किती वेळ दिसते ते मोजता येईल का. त्यांना आता पुढच्या पार्टीत हे सांगायचं होतं आणि आकडा चुकायला नको होता. काकू म्हणाल्या, दोन मिनिटं तरी. काका म्हणाले, मला तर काल पाच मिनिटं वाटली.

मी रीळ हातानं फिरवायच्या टेबलावर लावलं, खाली दिवा लावला, वर भिंग धरलं. जिथे तिचा खांदा खिडकीत पहिल्यांदा दिसतो तिथे पांढऱ्या दोऱ्याची गाठ बांधली, आणि जिथे शेवटची दिसते तिथे दुसरी. मधल्या फ्रेम मी एकदा मोजल्या, काकांनी एकदा, काकूंनी चष्मा बदलून एकदा. तिघांचा आकडा सारखा आला. काकूंनी पर्समधून शिवणकामाची टेप काढून दिली.

दोन गाठींमधलं अंतर ८६ सेंटिमीटर. फ्रेम ११३. सेकंदाला २४ या वेगानं, ४.७ सेकंद.